पंपघरी कैद जाहल्या बंबाची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो, आणि प्रसन्न होण्याजोगे येथे काही नसल्यास निदान कानाडोळा करो.

ग्वाल्हेरनिवासी चिरंजीव सौभाग्यवती उषाबाई यांनी टेलिफोनद्वारे आज्ञा केली की, आईचा बंब घरातून गेला कसा, कैदेत पडला कसा आणि सुटला कसा, हे सर्व खरेखरे लिहून पाठवावे, कारण फोनवर तुम्ही निम्मे सांगता आणि निम्मे खोकता. ती आज्ञा मान्य करून नीलकंठ हरी पोतनीस, पंपघराचे निवृत्त बॉयलरवाले, मुक्काम झाशी, यांनी ही हकीकत लिहिली. बखर लिहावयाची ती थोरांची, आणि येथे थोर कोणी नाही. परंतु साधे पत्र लिहावयास घेतले की हात थांबतो आणि बखरीच्या थाटात घेतले की चालतो, म्हणून हा थाट. जेथे उपमा हवी तेथे ती नाही, कारण लिहिणारास येत नाही. लिहिणारा आणि लढणारा एकच असल्याने लढणाऱ्याची स्तुती कोठे आढळल्यास ती निम्म्याने धरावी.

शके एकोणीसशे तेहतीस, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. खर म्हणजे गाढव, आणि पुढील वर्तणूक पाहता संवत्सराचे नाव नेमके निघाले. ते समयी झाशीत रुळांपलीकडे जुने पंपघर उभे होते. विटांची जाड भिंत, उंच धुराडे, आत दोन बॉयलर आणि दोन वाफेचे पंप. त्यांनी पाणी वर चढवावे आणि ते वाफेच्या इंजिनांनी प्यावे, ऐसा कारभार कैक वर्षे चालला. मग वाफेची इंजिने गेली आणि पंप थांबले आणि आत कबुतरांचा अंमल बसला. नीलकंठराव याच बॉयलरांपाशी उमर घालवून निवृत्त जाहले होते. मग वरिष्ठांचे मनात आले की पंपघर पाडावे आणि तेथे मोटारींचा तळ करावा.

हे वर्तमान ऐकोन राजश्री विश्वंभर तिवारी यांस संताप आला. तिवारी हे पंपघराचे माजी फोरमन आणि नीलकंठरावांचे भिंतीस भिंत लागून शेजारी. त्यांनी पंपघर बचाव समिती उभारली आणि आपणच सरलष्कर जाहले. फौज सारी निवृत्तांची. कोणाचे डोळे चांगले, कोणाचे कान, कोणाचे गुडघे, ऐसे सर्वांचे मिळून एक धड माणूस व्हावे इतके बळ. तिवारी यांनी शोध लावला की सातासमुद्रापलीकडे एक वारसा दरबार आहे, आणि तो जुन्या वास्तूंस अभय देतो, की यास कोणी पाडू नये, विकू नये, भलता रंग देऊ नये. पूर्वी हे अभय देवळांस आणि किल्ल्यांस मिळे, पण आता दरबाराने गिरण्या, खाणी, पूल आणि पंपघरे यांसही पदरात घेण्याचे मनावर घेतले आहे. तेव्हा अर्ज गेला, त्यास उत्तर आले, आणि दरबाराकडे शिफारस करणाऱ्या पाहणी अधिकारी इंदिराबाई दिल्लीहून येणार ऐसे ठरले.

मग मोठी मसलत बसली. कबुतरांची घाण काढणे, झाडणे, पुसणे, हार, खुर्च्या, सर्व बंदोबस्त जाहला, आणि दतिया गेटच्या हलवायाकडून समोसे मागवावे ऐसे एकमताने ठरले. पाण्याशी येऊन मसलत अडली. थंडी कडाक्याची, बाईंस हात धुण्यास आणि सर्वांस चहास कढत पाणी हवे, आणि पंपघरात गॅसची टाकी नेण्यास मनाई. कोळशाबद्दल हुकमात काही लिहिले नव्हते. तेव्हा तिवारी वळून म्हणाले, "पोतनीस भैया, वो आपका इंजन है न?"

इंजन म्हणजे न्हाण्याचे पाणी तापविण्याचा बंब. तांब्याचा उभा गोल देह, मधून धुराड्याची नळी, खाली जाळी, बाजूस पितळी तोटी. महाराष्ट्रात एके काळी घरोघर होता. आमच्या गल्लीत तो एकच, म्हणून बुंदेलखंडी शेजारी त्यास पंडितजींचे इंजन म्हणत. हा बंब सुहासिनीबाईंचे लग्नात आला, आणि रोज पहाटे त्याच तो पेटवीत.

गेल्या पौषात सुहासिनीबाई गेल्या. बखरीत अशा जागी मोठी शब्दयोजना करतात. गेल्या, इतकेच.

त्यानंतर बंब पेटला नाही. मागल्या व्हरांड्यात जुन्या चादरीखाली उभा राहिला. उषाबाईंनी गीझर बसवून दिला होता, नीलकंठराव त्याने न्हात, आणि व्हरांड्यात जाणे पडलेच तर चादरीकडे न बघता जात. सबब तिवारींनी मागताच त्यांनी मोठ्या उदारपणे सांगितले, "पडूनच आहे, न्या." हे उत्तर देताना त्यांस आपण कर्णाचे अवतार वाटलो, ऐसे नमूद करणे प्राप्त आहे.

दुसरे दिवशी बंब हातगाडीवर चढून पंपघरी दाखल जाहला. तिवारींच्या माणसांनी तो पेटविला. कैक वर्षांनी त्या छपराखाली पाणी उकळून वाफ निघाली, आणि म्हातारी फौज काम टाकून त्याभोवती हात शेकीत उभी राहिली.

मग इंदिराबाईंची स्वारी सिविल लाइंसच्या विश्रामगृहातून निघून आली. पायांत जाड बूट, गळ्यात कॅमेरा, बोलणे थोडे आणि पाहणे फार. त्यांनी भिंती पाहिल्या, धुराडे पाहिले, पंप पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी विचारले की हे चालते काय. प्रत्येक ठिकाणी तिवारींनी नम्रपणे सांगितले की नाही. ऐसे नकार देत देत स्वारी कोपऱ्यापाशी आली, तो तेथे बंब गुणगुणत उभा.

"अरे, यह तो चालू है!" बाई म्हणाल्या आणि गुडघ्यावर बसल्या. जाळी पाहिली, मधली नळी पाहिली, तोटी पाहिली. छोटा उभा बॉयलर, ऐसे स्वतःशी बोलल्या, आणि ते चूक नव्हते, कारण बंबाची आणि बॉयलरची रीत एकच. मग पोटावरची अक्षरे वाचली: सुहासिनी, झाशी, १९६८. बॉयलरवर करणाऱ्याचे नाव, गाव आणि साल कोरतात तसेच. "यह बनाने वाले का नाम है? यहीं के थे?"

तिवारींस आदल्या घटकेपासून होकार द्यावयास काही मिळाले नव्हते. ते म्हणाले, "जी मैडम, यहीं के. पुराना नाम है. क्यों पोतनीस भैया?"

येथे नीलकंठरावांनी सत्य बोलून प्रसंग निभवावा, परंतु त्या समयी त्यांचे मुखी दतिया गेटचा अख्खा समोसा होता, आणि आत बटाटा कढत. गिळण्यास मान हलवावी लागली. ती होकार म्हणून धरली गेली.

मग बाईंनी छबी घेतल्या आणि फर्मान काढले की, पंपघरात चालू स्थितीतील यंत्र हे एकच, करणार सुहासिनी, झाशी, तरी दरबाराचा निर्णय होईतो हे येथून हलवू नये, पेटवू नये, घासू नये. बंबाभोवती दोर बांधला आणि त्यावर नावाची पाटी लागली आणि पहारेकरी बसला. बाई दिल्लीस रवाना जाहल्या. ऐसा बंब कैदेत पडला.

आता खरे सांगणे तर नीलकंठरावांस आनंद जाहला. सुहासिनीबाईंचे नाव आजवर रेशनकार्डावर आणि शेवटी दवाखान्याच्या कागदावर, याखेरीज कोठे छापले नव्हते. आता ते पाटीवर चढले आणि समुद्रापार जाणार. नीलकंठराव येता जाता पंपघरी डोकावून पाटी वाचीत. ओळखीचे कोणी भेटले तर त्यासही वाचावयास लावीत. एकाने विचारले, ही कंपनी अजून आहे काय. नीलकंठरावांनी उत्तर दिले की बंद पडली. ते बोलून घरी आले आणि त्या दिवशी त्यांनी भाजी केली नाही, नुसता भात खाल्ला.

त्यातच गीझर बिघडला. उषाबाईंचा फोन आला तेव्हा हे वर्तमान निघाले, आणि त्यांनी सहज सांगितले, "मग बंब पेटवा ना बाबा. आईचा बंब आहे की." नीलकंठराव खोकले. "बाबा? बंब आहे ना घरात? सच्ची बोला." नीलकंठराव आणखी खोकले. मग उषाबाई इतकेच बोलल्या की, "मला तो बघायचा होता, बाबा. बाकी आईचं काहीच मोठं नाहीये घरात." आणि फोन ठेवला.

या एका वाक्याने लढाई सुरू जाहली.

नीलकंठराव तडक पंपघरी गेले आणि पाटी न वाचता प्रथमच बंब पाहिला. तांबे काळवंडले होते. हात धुताना उडालेल्या पाण्याचे डाग पडून त्यांवर हिरवट चढू लागले होते. सुहासिनीबाई तो चिंच आणि राख लावून ऐसा घाशीत की त्यात पाहून कुंकू लावावे, आणि लावीतही, कारण न्हाणीघरात आरसा नव्हता. तेव्हा मसलत ठरली की निदान घासावा. दुसरे दिवशी भर दुपारी, पहारेकरी पेंगत असता, नीलकंठराव कानटोपीत चिंचेचा गोळा लपवून दोराखालून आत शिरले. शिरणे साधले. परंतु कमरेने दगा दिला आणि उठणे साधेना, आणि ते दोराखाली ओणवे असतानाच पहारेकरी जागा जाहला.

"दादा, हाथ मत लगाओ. सरकारी चीज़ है."

"अरे, घर का है."

"सब यही कहते हैं, दादा."

त्याने नीलकंठरावांस काखेत धरून उभे केले. चिंच जप्त जाहली. ऐसा पहिला हल्ला फसला.

मग नीलकंठराव तिवारींकडे वकिलीस गेले आणि मागणी मांडली की बाईंस खरे सांगावे आणि बंब सोडवावा. तिवारी चहा ठेवून उठले. त्यांनी समजाविले, मग सुनाविले, की सारा मुलुख फिरून आपणास चालू यंत्र हे एकच मिळाले, ते खोटे ठरले तर अर्ज खोटा ठरेल, आणि पंपघर पडले तर आपण दोघे सकाळी उठून मोटारींकडे पाहत बसू. "और भाभीजी का नाम तो सोचो! दुनिया पढ़ेगी!"

नीलकंठरावांस हा वार लागला, कारण हेच ते स्वतःशी रोज बोलत होते. मग म्हणाले, "दुनिया तिला कंपनी समजेल, विश्वंभर. आणि तिने घासलेला बंब तिथे काळा पडेल, आणि वर तिचंच नाव."

"तो नाम रहने दें कि चमक?" तिवारींनी विचारले.

"चमक," नीलकंठराव बोलले. "बंब घरी हवा."

तिवारी रागे भरून आत गेले. दोन घरांमधील भिंत त्या दिवशी आमने-सामने उभ्या फौजांप्रमाणे वाटली, ही या बखरीतील एकमेव उपमा, तीही बरी उतरली नाही.

इंदिराबाई उरलेली मापे घेण्यास पुन्हा झाशीस आल्या, तेव्हा नीलकंठरावांनी निकराची मोहीम धरली. शब्दावर कोण विश्वास ठेवील? सबब पुरावा हवा. त्यांनी फळ्यांवरील भांडी उतरविली आणि पोत्यात भरली: परात, तांब्या, पितळी डबे, दोन पातेली, झारा, पळी. पोते घेऊन रस्त्यावर आले, तो मागून तिवारी धावले की मी तुम्हास जाऊ देणार नाही. परंतु पोते जड आणि रिक्षा एकच, आणि तिवारींस बाईंपाशी आधी पोचून वेगळे सांगावयाचे होते. म्हणून दोन्ही फौजा एकाच रिक्षातून सिविल लाइंसवर चालून गेल्या. वाटेत पोते तिवारींचे मांडीवर होते, आणि खड्डा आला की तेच त्यास दोन्ही हातांनी सांभाळीत, आणि भांडणही चालूच ठेवीत.

विश्रामगृहाच्या ओसरीवर इंदिराबाई ऊन घेत बसल्या होत्या. नीलकंठरावांनी भाषण तयार केले होते, ते विसरले. मग पोतेच उलटे केले. मोठा नाद जाहला आणि आतून स्वयंपाकी धावत आला. बाईंनी परात उचलली आणि वाचली: सुहासिनी, झाशी, १९६८. तांब्या उचलला, तेच. डबे, पातेली, तेच. झाऱ्यावर जागा पुरली नाही म्हणून नुसते सुहासिनी. बाई एकेक वाचीत गेल्या आणि शेवटी पळी हाती धरून म्हणाल्या, "आपकी कंपनी तो बहुत कुछ बनाती थी."

"कंपनी नहीं जी," नीलकंठराव बोलले. "माझी बायको. मेरी पत्नी. वो बॉयलर नहीं है, नहाने का पानी गरम करने का है. आमच्यात बंब म्हणतात."

तिवारी भिंतीकडे पाहू लागले.

"पर बर्तन पर नाम क्यों?" बाईंनी विचारले.

"लग्नाकार्यात लोक मागून नेतात ना. शादी-ब्याह में. मग सगळ्यांची भांडी एकत्र होतात. नाम इसलिए कि जिसका है उसके घर वापस आए."

बाईंनी पळी हळूच परातीत ठेवली. मग बोलल्या, "तो वापस जाना चाहिए."

तिवारींस राहवले नाही. त्यांनी पुढे होऊन विनंती केली की मैडम, चूक माझी, होकार मी दिला, यांच्या तोंडात समोसा होता, परंतु शिक्षा पंपघरास देऊ नका. यावर बाईंनी फर्माविले की, मेल्या पंपघरात खोटा जिवंत बॉयलर दाखविला आणि तो पुढे दरबारात उघडा पडला असता, तर सारा अर्ज बुडाला असता. आज कळले हे बरे. ते कलम आताच काढते. पंपघर आपल्या भिंतींवर आणि पंपांवर उभे राहील तर राहील. शिफारस मी करणार आहे, आणि दरबाराचा निकाल येईतो पाडकाम तहकूब, ऐसे आजच वरिष्ठांस लिहिते. मग म्हणाल्या की, रजिस्टरमधून नाव खोडताना जरा वाईट वाटेल, इतक्या चांगल्या घडणीची कंपनी पुन्हा मिळणार नाही. नीलकंठरावांनी भांडी पोत्यात भरली. झारा हातून दोनदा पडला.

परतताना तिवारी पंपघरापाशी उतरले आणि पहारेकऱ्यास बाईंचा लेखी हुकूम दाखवून दोर स्वतः सोडला आणि पाटी काढली. पहारेकऱ्याने जप्त चिंच खिशातून काढून परत दिली. हातगाडी तिवारींनीच ओढली, म्हणाले, "मैं ही लाया था, मैं ही पहुँचाऊँगा," आणि वाटेत तीनदा दम खाण्यास थांबले आणि प्रत्येक वेळी दोष बंबास दिला.

व्हरांड्यात नीलकंठरावांनी बंब घासला. पूर्वीसारखा निघाला नाही, पण हिरवट गेले. मग पाणी भरले आणि पेटवावयास बसले, आणि येथे या वीराची खरी परीक्षा जाहली. ज्याने आयुष्यभर बॉयलर पेटते ठेवले, त्याने घरचा बंब एकदाही पेटविला नव्हता. खाली कोळसा घातला आणि वर काडी ओढली. विझली. कागद घातला, धूर जाहला. फुंकर घातली, राख डोळ्यांत गेली. भिंतीवरून तिवारींचे मस्तक वर आले. "पोतनीस भैया, इतने साल बॉयलर चलाया, यह नहीं जलता?"

"हा माझ्या खात्याचा नव्हता," नीलकंठराव म्हणाले.

तिवारी हसत भिंतीस वळसा घालून आले आणि गोवरीचे तुकडे आणले, आणि दोघे म्हातारे आळीपाळीने फुंकू लागले. शेवटी जाळीत लाल जाहले आणि काही वेळाने बंबाने गुणगुण धरली.

पाणी तापले. नीलकंठराव बादली तोटीखाली लावून भरल्यावर आत ठेवून आले आणि खांद्यावर पंचा टाकून न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहिले. उभेच राहिले. लग्नापासून या घरात रीत अशी की पाणी तयार जाहले की आतून हाक येई, आणि हाक आल्यावाचून ते कधी आत गेले नव्हते. गीझरला हाक नव्हती, तेव्हा चालून गेले होते. आता बंब पेटला होता, तो पाय उचलेना.

तिवारी दारातच होते. त्यांनी थोडा वेळ पाहिले. ही हाक त्यांनीही भिंतीपलीकडून जन्मभर ऐकली होती, आणि तीच त्यांची मराठी. ती त्यांनी त्याच सुरात, बुंदेली वळणाने, मोठ्याने दिली:

"पाणी काढलंय हो! निवेल!"

"आलो," नीलकंठराव बोलले आणि आत गेले.

मार्गशीर्ष वद्य पक्षी, झाशी मुक्कामी, बंब कैदेतून सुटून घरी आला. पंपघर तूर्त उभे आहे. सुहासिनीबाईंचे नाव दरबाराच्या दप्तरातून खोडले गेले आणि बंबावर कायम राहिले. पाणी कढत होते. फत्ते जाहली.